बोगस बियाणे, खते, औषधे : काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोळा वर्षे मी कापूस-सोयाबीनच्या एका तालुक्यात कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागे उभा होतो. दुकान बंद करून आता काही हंगाम झाले, पण मे उजाडला की फोन सुरू होतात. प्रश्न तेच, फक्त विचारणारा गाव बदलतो. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. बोगस माल म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर पाकिटाची किंमत येते. खरे तर सगळ्या हिशेबात तोच आकडा सर्वांत छोटा असतो.

बोगस म्हणजे नेमके काय? खराब निघालेला सगळा माल बोगसच का?

नाही, आणि तक्रार करताना हा फरक फार महागात पडतो. नामांकित कंपनीचे पाकीट हुबेहूब छापून आत भलतेच बी भरले, तर तो बनावट माल. कंपनी खरी, परवाना खरा, पण प्रयोगशाळेत नमुना ठरलेल्या दर्जाला उतरला नाही, तर तो 'अप्रमाणित'. मुदत संपलेल्या मालावर नवे लेबल चिकटवले, तर ती फसवणूक. आणि ज्याला देशात मंजुरीच नाही तो माल अनधिकृत, मग तो शेतात कितीही चांगला चालो. गावात या चारही प्रकारांना एकच शब्द आहे : बोगस. बोलायला ठीक आहे, पण तक्रारीच्या अर्जात तेवढाच शब्द लिहिला तर अधिकाऱ्याला नेमके काय तपासायचे ते कळत नाही.

पाकीट आठ-नऊशे रुपयांचे. त्यात एवढे काय बुडते?

२०२४ च्या हंगामात ४७५ ग्रॅमच्या बीजी-२ (बोलगार्ड-२, म्हणजे बोंडअळीला मारक जनुक घातलेला बीटी कापूस) पाकिटाची कमाल किंमत ८६४ रुपये होती. दोन एकरांत चार-पाच पाकिटे लागली असे धरा. आता त्याआधीचे मोजा : नांगरट, वखरणी, शेणखताची वाहतूक, सरी पाडणे, टोबायला आलेल्या बायांची मजुरी, बियाण्याबरोबर दिलेले खत. बी उगवलेच नाही तर हे सगळे पुन्हा. त्यालाच दुबार पेरणी म्हणतात आणि दुसऱ्या पेरणीला बँक दुसरे पीककर्ज देत नाही. मग सावकार, नाहीतर बायकोच्या कानातले.

पण उगवलेच नाही ही त्यातल्या त्यात बरी गत. निदान दहा दिवसांत कळते. निम्मे उगवले तर माणूस नांग्या भरत, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोबत बसतो. मग एकाच ओळीत एक झाड गुडघ्याएवढे, शेजारचे दोन पानांवर. फवारणी कोणाच्या वयाने करायची? वेचणी कोणत्या झाडाच्या वेळेला धरायची? आणि सर्वांत वाईट म्हणजे उगवते सगळे, वाढतेही झकास, पण पाते (फुलाची कळी) धरत नाही किंवा बोंडे बारकी राहतात. ते कळेपर्यंत सप्टेंबर उलटलेला असतो. तेव्हा हातात काहीच उरत नाही. खरीप गेलेला असतो आणि जमीन अडकल्यामुळे हरभऱ्याची वेळही जाते.

पीकविमा यात मदतीला येत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. विमा दुष्काळ, पूर, गारपीट, कीड-रोग अशा संकटांसाठी आहे. बियाणे निकृष्ट होते हे कारण त्यात बसत नाही.

माझे सोयाबीन उगवले नाही. म्हणजे बियाणे बोगसच ना?

असेलच असे नाही. २०२० च्या खरिपात राज्यभरातून सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपणहून त्याची दखल घेतली. त्या वर्षी बियाण्याचा दोष मोठा होता. पण सोयाबीन हे नाजूक बी आहे. त्याचे टरफल पातळ, पोते उंचावरून आपटले तरी आतला अंकुर दुखावतो. पेरणी चार सेंटिमीटरपेक्षा खोल गेली, वर पाऊस पडून जमीन कडक झाली, तर चांगले बीही आत कुजते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधी घाईने पेरले तरी तेच.

म्हणून घरी उगवण तपासा. शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, वरून दुसरे ओले गोणपाट घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाण्याचा हबका मारा. आठव्या दिवशी उघडून धडधाकट कोंब मोजा. सोयाबीनला किमान ७० हवेत, भाताला ८०, गव्हाला ८५. साठच आले तर एकरी बियाणे वाढवा, त्याहून कमी आले तर पेरू नका आणि उरलेले बी पिशवीसकट दुकानात परत घेऊन जा. हे सांगितले की लोक हसतात : 'विकतचे बियाणेही तपासायचे?' हो, विकतचेही. गोणपाटावरच्या कोंबांचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

पिशवीवर काय पाहायचे?

आधी टॅग. प्रमाणित बियाण्याला निळा, पायाभूतला पांढरा, पैदासकार बियाण्याला पिवळा. कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर विकते त्या सत्यप्रत बियाण्याला, दुकानात ज्याला टीएल म्हणतात, हिरवे लेबल असते. त्यावर पीक, वाण, लॉट नंबर, चाचणीची तारीख, उगवणक्षमता आणि वैधतेची तारीख असलीच पाहिजे. प्रमाणित बियाण्याची पहिली वैधता चाचणीपासून नऊ महिने असते.

मग शिलाई पाहा. मी टॅगपेक्षा शिलाईवर जास्त भरवसा ठेवायचो. कारखान्यातली शिलाई एकाच धाग्याने, एका रेषेत येते. पिशवी उघडून पुन्हा शिवलेली असेल तर जुन्या सुईची भोके नव्या टाक्यांच्या शेजारी दिसतात. कापसाच्या पाकिटात वरच्या सीलची पट्टी बोटाने चाचपा, दोनदा तापवलेले प्लास्टिक कडक आणि सुरकुतलेले लागते. छपाईत लॉट नंबर पाकिटाच्याच रंगात छापलेला असेल तर थांबा. खरा लॉट नंबर पाकीट भरताना वरून मारतात, त्याची शाई वेगळी असते.

२०२३ मध्ये केंद्राने 'साथी' नावाचे पोर्टल सुरू केले. त्यात नोंद असलेल्या पिशवीवरचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला की बियाणे कुठून आले ते दिसते. कोड स्कॅनच होत नाही असे दिसले तर दुकानदाराच्या समोरच विचारा.

चोर बीटी लावू का? शेजाऱ्याचे तर चांगले आले.

या प्रश्नाला दरवर्षी माझा घसा कोरडा पडतो.

तणनाशक सहन करणारा कापूस, म्हणजे एचटीबीटी, गावात ज्याला चोर बीटी म्हणतात, त्याला भारतात लागवडीची मंजुरी नाही. मंजूर आहेत त्यांत २००२ चे बोलगार्ड आणि २००६ चे बोलगार्ड-२ ही मुख्य. मंजुरीविना जनुकीय बदल केलेले बियाणे बनवणे, विकणे, लावणे हे पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खाली बेकायदा आहे. शेतकऱ्याला हे नवे तंत्र हवे की नको, यावर मोठा वाद आहे. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने उघडपणे हे बियाणे पेरून सविनय कायदेभंग केला. निंदणाची मजुरी कुठे पोहोचली आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला त्या माणसांचा राग समजतो. मलाही समजतो.

पण तंत्रज्ञानाचा हक्क मागणे वेगळे आणि रात्री मोटारसायकलवर आलेले बिननावाचे पाकीट घेणे वेगळे. त्या पाकिटात काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. पुष्कळदा संकरित कापसाच्या सरकीतलेच बी काढून, रंग चढवून भरलेले असते. संकरित झाडाच्या बियांची पुढची पिढी सारखी निघत नाही. काही झाडांत बीटीचे जनुक उतरते, काहींत नाही. तणनाशक सहन करण्याचा गुण उतरला की नाही हे फवारल्यावरच कळते. मी एक शेत पाहिले आहे. मालकाने ग्लायफोसेट हे तणनाशक मारले, पाचव्या दिवशी तण पिवळे पडले आणि कपाशीही. ओळीत मधेच एखादे झाड हिरवेगार उभे. तीन एकरांत अशी हिरवी झाडे मोजता आली असती. मालक बांधावर बसून होता, काहीच बोलत नव्हता.

त्याने तक्रार केली नाही. करणार कशी? बिल नाही, टॅग नाही आणि ते बियाणे लावणेच बेकायदा. बोगस मालातला सर्वांत सुरक्षित धंदा हाच आहे, कारण फसलेला माणूसच तोंड उघडू शकत नाही.

यात शेजाऱ्याचेही नुकसान आहे. पिकात काही झाडे बीटीची, काही अर्धवट, काही साधी असली की बोंडअळीला कमी-जास्त विष चाखायला मिळते. त्यातून तगलेल्या अळीची पिल्ले आणखी चिवट निघतात. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात जो हाहाकार केला त्याला कारणे अनेक होती, पण अळी चिवट होण्याची वाट हीच. ती बांध पाहून थांबत नाही.

आणखी एक. बोंडअळीचा क्रम तोडण्यासाठी मान्सूनपूर्व लागवड टाळावी म्हणून कापूस बियाण्याची शेतकऱ्यांना विक्री कधी सुरू करायची याची तारीख कृषी विभाग ठरवून देतो. एप्रिलमध्येच कोणी पाकीट घेऊन दारात आला तर ते कुठून आले असेल याचा अंदाज बांधा. आणि ग्लायफोसेटचा वापर केंद्राने ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता ठेवला आहे. म्हणजे बियाणे अनधिकृत आणि त्याच्या जोडीचे औषधही नियमाबाहेर.

औषध बोगस निघाले तर अळी मरणार नाही, एवढेच ना?

एवढेच असते तर बरे झाले असते.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. सगळा दोष बनावट औषधांचा नव्हता. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, उकाडा, पेट्रोलवर चालणारे पंप, तोंडाला साधा रुमाल आणि तीन-चार औषधांचे मिश्रण, हे सगळे त्यात होते. पण मिश्रण का करतात, हे काउंटरवर उभे राहिलेल्यालाच माहीत. पहिले औषध चालले नाही म्हणून दुसरे, ते चालले नाही म्हणून दोन्ही एकत्र आणि वर झाकणभर जास्त. कमी ताकदीचा माल माणसाला ज्यादा डोसची सवय लावतो. पुढच्या वेळी हाती खरा माल आला तरी हात सवयीनेच ओततो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. औषधाच्या बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. शेजारी विषावरचा उतारा लिहिलेला असतो. विषबाधा झालेल्या माणसाबरोबर बाटलीही दवाखान्यात न्या असे आम्ही सांगतो ते त्यासाठीच. ऑर्गॅनोफॉस्फरस गटाचे विष असेल तर डॉक्टर अ‍ॅट्रोपिन देतात. इतर बऱ्याच गटांना ते लागू नाही, आणि पॅराक्वाटसारख्या तणनाशकाला तर उताराच नाही. आता बाटलीवर एक नाव आणि आत दुसरेच विष असेल तर? डॉक्टर लेबल वाचून उपचार ठरवणार आणि ते लेबल खोटे. म्हणून दवाखान्यात बाटलीबरोबर हेही सांगा की माल कच्च्या बिलाचा आहे, आतले नक्की नाही. लाज वाटून गप्प राहू नका. डॉक्टर मग लक्षणे पाहून चालतात : बारीक झालेल्या बाहुल्या, लाळ, घाम.

'हे बायो आहे, याला रेसिड्यू (मालावर उरणारा औषधाचा अंश) नसतो,' असे सांगून टॉनिक देतात. घ्यावे का?

द्राक्षवाल्यांना विचारा. २०१० मध्ये युरोपात गेलेली भारतीय द्राक्षे क्लोरमेक्वॅट क्लोराइडच्या अंशामुळे अडकली होती. वाढ रोखायला वापरायचे ते द्रव्य, बागायतदार त्याला लिहोसिन म्हणून ओळखतात. ते तर उघड वापरलेले होते. बिननावाच्या 'बायो' बाटलीत काय आहे ते बागायतदारालाही माहीत नसते. 'वनस्पतीचा अर्क' म्हणून विकलेल्या मालाने दुसऱ्या दिवशी किडी टपाटप पडल्या तर आनंद मानू नका, त्यात रासायनिक कीटकनाशक मिसळलेले असण्याचा संशय घ्या. फवारणीची वही प्रामाणिकपणे भरूनही नमुन्यात भलताच अंश सापडतो, प्लॉट निर्यातीतून बाद होतो, माल लोकल बाजारात अर्ध्या भावात जातो. बाटली मात्र साडेतीनशेची.

या गटाला कायदाच नव्हता. २०२१ मध्ये जैव-उत्तेजके, म्हणजे वाढीसाठीची ही 'बायो' टॉनिके, खत नियंत्रण आदेशाखाली आणली गेली आणि त्यात कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) जास्त असता कामा नये असा नियम झाला. त्यामुळे आता लेबलवर आदेशानुसारचा तपशील मागायला हरकत नाही. 'अहो, हे आयुर्वेदिक आहे, याला कागद लागत नाही' हे वाक्य ऐकले की पैसे खिशात ठेवा.

खत खरे की खोटे, घरी कळते का?

थोडेफार. डीएपीचे चार दाणे तळहातावर घ्या, तंबाखूचा चुना लावून चोळा. नाकाला झोंबणारा वास आला पाहिजे. तव्यावर टाकले तर दाणा फुगतो. युरिया पाण्यात पूर्ण विरघळतो, हाताला पाणी गार लागते, तव्यावर वितळून काही उरत नाही. ही चाचणी भेसळ पकडते, कमी प्रमाण पकडत नाही. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद आहे की नाही ते प्रयोगशाळाच सांगेल. युरियाची गोणी ४५ किलोची असते, वजन करून घ्या. आणि डीएपी हवे तर सोबत हे पाकीट घ्यावेच लागेल, असे म्हणणे म्हणजे लिंकिंग. त्याला मनाई आहे. माझा अनुभव असा, की ज्या पाकिटाचे नाव कोणी कधी मागत नाही तेच लिंकिंगमध्ये येते.

रिकाम्या बाटल्या भंगारात दिल्या तर काय बिघडते?

साध्या डब्याचा भाव किलोवर असतो. पण चांगल्या कंपनीची बाटली झाकणासकट, लेबल न फाटलेले, खोक्यासह असेल तर भंगारवाला नगावर पैसे देतो. का देतो ते ओळखा. बाटली तीनदा धुवा, ते पाणी पंपातच ओता, मग तळाला खिळ्याने भोक पाडा आणि लेबल ओरबाडा.

ओळखीचा दुकानदार आहे, उधारीवर देतो. पक्के बिल कसे मागू?

हाच खरा प्रश्न आहे, बाकीचे त्याच्या फांद्या.

शेतकरी भोळा म्हणून फसतो असे शहरात लिहितात. तसे नसते. जूनमध्ये हातात रोख नसते, दुकानदार दिवाळीपर्यंत थांबतो, आणि जो थांबतो तोच कोणता माल द्यायचा ते ठरवतो. मागच्या वर्षीची बाकी असेल तर 'हे नको, ते द्या' म्हणायला जीभ उचलत नाही. बोगस माल याच रस्त्याने जातो. त्यात दुकानदाराला सुटणारे मार्जिन मोठे असते, म्हणून उधारीच्या गिऱ्हाइकापुढे तोच सरकवला जातो.

मी धुतल्या तांदळाचा नाही. एका वर्षी एका फिरत्या एजंटकडून अळीच्या औषधाचे दोन खोके कच्च्या चिठ्ठीवर घेतले. भाव फार कमी होता, तेव्हाच कळायला हवे होते. चौदा जणांना विकले, बहुतेक उधारीवाले. औषध चालले नाही. एजंटचा फोन बंद. मी त्या बाटल्यांचे पैसे वहीतून कापले, पण फुकट गेलेल्या फवारणीची मजुरी आणि अळीने खाल्लेली बोंडे मी कशी कापणार? त्या चौदापैकी तीन जण नंतर दुकानाची पायरी चढले नाहीत.

बिल मागायचे तर असे मागा : 'भाऊ, बँकेत लावायचे आहे, लॉट नंबर टाकून द्या.' उधारीच्या मालालाही बिल देता येते, त्यावर 'उधार' लिहितात, इतकेच. रोख नसल्याने बिलाचा हक्क जात नाही. त्यातही नाही म्हणाला, तर मग कारण उधारी नाही, माल आहे.

ऑनलाइन स्वस्त मिळते. मागवू?

२०२२ च्या शेवटापासून परवानाधारक विक्रेत्यांना कीटकनाशके ऑनलाइन विकायची परवानगी आहे. पण विकणाऱ्याचा परवाना तपासा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरचा नंबर म्हणजे विक्रेता नव्हे.

फसलो. आता पहिले काय करू?

शेत मोडू नका. रागाने वखर घातला की पुरावाही गेला. मोबाइलवर शेताचे फोटो घ्या, लांबून आणि ओळीजवळून. त्याच दिवशी तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात बिल क्रमांक, वाण, लॉट नंबर, पेरणीची तारीख, पाऊस कधी झाला, किती क्षेत्र, एवढे हवे. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते, तिच्यात कृषी अधिकाऱ्यांबरोबर शास्त्रज्ञही असतो. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा. 'पावसाचा खंड' हे कारण लिहिले असेल आणि शेजारच्या शेतात त्याच दिवशी पेरलेले दुसरे वाण उभे असेल, तर ते शेतही पंचनाम्यात घ्यायला लावा. वाद इथेच जिंकला-हरला जातो. पुढे नमुना पुणे, नागपूर किंवा परभणीच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेत जाऊ शकतो. फोनवर सल्ला हवा तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१.

भरपाई कोण देणार?

कृषी विभाग परवाना रद्द करू शकतो, खटला भरू शकतो. पैसे मिळवायचे तर ग्राहक आयोग. 'शेती हा धंदा आहे, शेतकरी ग्राहक नाही' असे कंपन्यांचे वकील सांगत असत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात ते फेटाळले. शेतकऱ्याने सगळे बी पेरले असणार, तपासणीसाठी त्याने नमुना राखून ठेवावा ही अपेक्षाच गैर, असेही न्यायालयाने म्हटले. जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार द्यायची, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आधी विचारपूस करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. वेळ मात्र लागतो. या हंगामाचे नुकसान या हंगामात भरून निघेल अशी आशा मी कोणाला दाखवत नाही.

बिल आणि पिशवी किती दिवस ठेवायची?

माल विकून पैसे हातात पडेपर्यंत. पिशवी तळाकडून फोडा, म्हणजे टॅग आणि शिलाई शाबूत राहते. मूठभर बी आतच सोडा. गोठ्यातल्या खुंटीला अडकवू नका, उंदीर आधी बी खातो आणि मग टॅग. रेशनकार्ड ज्या पत्र्याच्या पेटीत असते त्याच पेटीत ठेवा. आणि औषधाचे बिल असेल तर त्याची शाई दिवाळीपर्यंत उडून जाते, म्हणून घेतल्याच दिवशी फोटो काढा.